सायरबाईच्या ओढणीमागे

धरणगावात माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर लीलाधर फोटोग्राफरचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की मी पंक्चर बघायचं घमेलं तसंच सोडून त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचो. तिथे जेवढी करमणूक झाली तेवढी मला जत्रेच्या तमाशातही झाली नाही.

दुकान कसलं, सरकीचं जुनं गोदाम ते. छपराच्या पत्र्यात त्यानं काचा बसवून घेतल्या होत्या आणि काचांखाली मांजरपाटाचे पांढरे पडदे, दोरीवर सरकणारे. हातात आकडी लावलेली बांबूची काठी घेऊन लीलाधर एक पडदा बोटभर सरकवायचा, मागे येऊन बघायचा, पुन्हा बोटभर. तोवर खुर्चीतला माणूस घामानं निथळून जायचा. मिशीला लावलेलं तेल ओठावर यायचं.

हे वेड त्याला धुळ्यात लागलं. तिथे एका म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली तो शिकला, आणि त्या म्हाताऱ्यानं त्याला सावलीचा नाद लावून दिला. लीलाधर मला म्हणायचा, "छगन, उजेड काय, कुठूनही येतो. सावली मात्र बसवावी लागते. गालाच्या हाडाखाली नीट बसली की माणूस उठून दिसतो. नाहीतर सपाट पापड."

पण आमच्या लोकांना पापडच हवा होता. दोन्ही कान दिसले पाहिजेत, दोन्ही गाल सारखे पांढरे, आणि गुडघ्यावरच्या हातातलं घड्याळही आलं पाहिजे. मंजुळाबाईचा किस्सा सांगतो. शेतकरीण बाई, कपाशीचे पैसे आले म्हणून नवी साडी नेसून फोटोला बसली. लीलाधरनं जीव ओतून फोटो काढला. एका बाजूनं मऊ उजेड, दुसऱ्या गालावर सावली, नथीचा एकच मोती चमकलेला. बाई फोटो घेऊन गेली आणि तासाभरात परत आली ती आमच्या अहिराणीत ओरडतच.

"भाऊ, अर्धा तोंडले काजळ कसाले फासं तुनी? मना नवरा जित्ता शे अजून!"

मी ओट्यावर हसून लोळलो. लीलाधर मात्र तोंड पाडून आत गेला आणि पुन्हा फोटो काढून दिला. तेव्हापासून त्यानं गावाला पापड द्यायला सुरुवात केली.

वनाची गंमत तर त्याहून मोठी. वना आमच्याकडचा गाडीवान, काळाकुळकुळीत. फोटो निघाला का हे बघायला थेट आतल्या अंधाऱ्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. लीलाधरच्या हातात ओली फिल्म. फिल्मवर सगळं उलटं असतं. वनाचा चेहरा पांढरा, केसही पांढरे, दात तेवढे काळे. वना किंचाळला, "हाई तं मना भूत शे!" आणि पळाला. त्याला रस्त्यातून धरून आणावं लागलं. मग लीलाधरनं ती फिल्म आपल्या कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्यापुढे धरली, उजेड बाजूनं पडेल अशी थोडी तिरपी केली. आणि काय सांगू, भूत गेलं आणि वना आला! काळ्याचं काळं, पांढऱ्याचं पांढरं, सगळं सुलट. फिल्म पातळ असली, म्हणजे उजेड कमी खाल्लेली असली, की असं दिसतं म्हणे. जाड फिल्मला ते जमत नाही. पुढे गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून तो ही युक्ती सगळ्यांना दाखवायचा.

आता हस्तीमलशेठच्या घराकडे येतो, कारण लीलाधर म्हटलं की मला शेवटी तेच आठवतं.

हस्तीमलशेठ सरकीचे व्यापारी. वडील माणसं राजस्थानातून आलेली, पण ह्यांचा जन्म इथलाच. डोक्यावर पगडी, अंगात लांब काळा कोट, उन्हाळा असो की काही असो. साठ सालच्या दिवाळीनंतर त्यांनी लीलाधरला घरच्या फोटोसाठी बोलावलं. कॅमेरा उचलायला माणूस नव्हता, म्हणून त्याची तीन पायांची तिवई माझ्या खांद्यावर. चौकात खुर्च्या मांडल्या. मधे शेठ, मागे मुलगा सुभाषचंद, आणि शेठच्या डावीकडे सून सायरबाई, मांडीवर काही महिन्यांची राजकुंवर. सुनेचा घुंघट हनुवटीच्याही खाली. आता त्यांच्याकडे सासऱ्यासमोर सून तोंड उघडं टाकत नाही, तेव्हा फोटोतही तशीच बसणार, ह्यात कोणाला काही वाटलं नाही.

पण त्या सकाळी ऊन बाजूनं येत होतं आणि चुन्याच्या भिंतीवरून परत फिरत होतं. ओढणी झिरझिरीत होती. लीलाधरनं काळ्या कपड्यात डोकं घातलं ते बाहेर काढीचना. शेठ म्हणाले, "अरे लीलाधर, झोपला की काय आत?" मग सगळे हसले आणि फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी लीलाधर नाचत माझ्याकडे आला. "छगन, जन्मात एकदा सावली माझ्या मनासारखी बसली!" फोटो मला दाखवला नाही. कापडात गुंडाळून थेट शेठच्या पेढीवर नेला. तिथे काय झालं ते त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. ओढणीतून सायरबाईचा चेहरा आला होता. उघडा नव्हे, सावलीतला, धुक्यातून दिसावा तसा.

शेठनं फोटो बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "लीलाधर, हा भिंतीवर लागणार. येणारा-जाणारा बघणार. माझ्या घरच्या बहूचं तोंड?"

"शेठजी, किती सुंदर आलंय बघा तरी."

"म्हणूनच. झाकून टाक."

फोटो त्यांनी तिथेच फाडला. लीलाधर दुकानात आला. गेरू डिंकात कालवला आणि फिल्मवर सायरबाईच्या तोंडावर ब्रशनं फासला. गेरूतून उजेड जात नाही, त्यामुळे कागदावर तिथे नुसतं पांढरं येतं. त्यावर पेन्सिलीनं दोन चुण्या काढल्या की झाली जाड ओढणी. असा डाग नेहमी फिल्मच्या पाठीकडून लावतात, म्हणजे उद्या पुसता येतो. पण त्या दिवशी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यानं तो पुढच्या बाजूनं लावला, जिथे चित्राचा नाजूक थर असतो, दुधावरच्या सायीसारखा, त्या सायीवरच.

त्याच हिवाळ्यात सायरबाई विषमज्वरानं गेली. दुसरा फोटो कुठेच नव्हता. माहेरी काढलेला नाही, लग्नात काढला त्यातही घुंघटच. शेठच्या भिंतीवर चौकट लागली होती, तिच्यात मांडीवर बाळ घेतलेलं एक पांढरं कापड बसलेलं.

राजकुंवर मोठी होईपर्यंत लीलाधरनं ह्या गोष्टीचा शब्द काढला नाही. मी काढला की तो आकडी घेऊन पडदे सरकवायला लागायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या वैशाखात राजकुंवरचं लग्न धुळ्याला ठरलं. लग्न तोंडावर आलं असताना एका दुपारी ती भिंतीवरची चौकट काखेत मारून दुकानात आली. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं इतकं ऊन. मी ओट्यावर पडलो होतो, उठून बसलो.

"काका, ह्या कपड्याच्या मागे माझी आई आहे ना?"

लीलाधरनं चौकट तिच्या हातातून घेतली.

"बाबूजींना विचारलं, आई दिसायची कशी. ते म्हणाले, बेटा, मी तिला कंदिलाच्याच उजेडात पाहिली, आता आठवत नाही नीट. दादाजींना तर विचारायची सोय नाही. घरात असं कोणी नाही जे सांगेल तिचं नाक कसं होतं. तुम्ही फोटो काढला. तुम्ही तर पाहिली असेल."

"पाहिली," लीलाधर म्हणाला. "उलटी पाहिली. कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं डोकं खाली पाय वर दिसतं, पोरी."

"मला सरळ दाखवा. एकदाच. मग जाते."

ती गेल्यावर त्यानं जुने पत्र्याचे डबे उघडले. सगळ्या फिल्मा जपून ठेवायची त्याची सवय, म्हणून सायरबाईची फिल्म सापडली. सापडली ती अशी, की कडेला बुरशी चढलेली, एक कोपरा सुटत आलेला, आणि मधोमध गेरूचा दगडासारखा वाळलेला डाग. लीलाधर ती उजेडाला धरून किती तरी वेळ उभा राहिला.

"आते काय करवानं, छगन?" त्यानं विचारलं. लीलाधर अहिराणीत बोलला की समजायचं माणूस पार खचला.

अडचण मी तुम्हाला नीट सांगतो. तो डाग निघायला फिल्म पुष्कळ वेळ पाण्यात ठेवायला हवी, डिंक भिजून आपोआप सुटायला हवा. पण फिल्मवरची साय गरम पाण्यात विरघळते, आणि बुरशी लागलेली साय तर लवकरच. आमच्या खानदेशात वैशाखात माठातलं पाणीसुद्धा कोमट. मी म्हटलं, "थंडीत कर ना. पौषात. तेव्हा बोलाव पोरीला."

"पौषापर्यंत राहील का ही? मधे पावसाळा आहे. बुरशी सगळं खाऊन टाकेल." आणि मग हळूच म्हणाला, "आणि पौषात तिला कोण पाठवील इथे? ती तेव्हा सासरी, त्याच कपड्याखाली असेल."

त्यानं ओला कापूस घेऊन डागाची कड जरा टिपून बघितली. कापसाबरोबर साय निघाली. सायरबाईच्या खांद्याचा टिकलीएवढा भाग गेला. लीलाधरनं हात मागे घेतला तो असा, जणू भाजला. त्या दिवसापासून त्याचं जेवण सुटलं. घरून डबा यायचा तो मीच खायचो, आणि तो माझ्याकडे बघत तुरटीचे खडे कुटत बसायचा. तुरटीनं साय घट्ट होते. पण तुरटीचं पाणीही गारच लागतं.

बर्फ हवा होता. आणि गावात बर्फ एकाच ठिकाणी येणार होता. वरातीच्या सरबतासाठी जळगावहून लाद्या मागवल्या होत्या, हस्तीमलशेठच्या घरी.

हे राजकुंवरच्याच डोक्यातून निघालं. लग्नाच्या दिवशी लीलाधर कॅमेरा घेऊन जाणारच होता. तिनं सांगितलं, चौकामागच्या सरकीच्या खोलीत भुशात बर्फ ठेवलाय, तिथे कोणी येत नाही, तुम्ही ट्रे घेऊन या. मी पुन्हा तिवई खांद्यावर घेऊन बरोबर.

खोलीत काळोख, एका झडपेतून येणारा उजेडाचा पट्टा, आणि भुशाचा गार वास. लीलाधरनं परातीत बर्फ फोडून भरला आणि त्यावर आपला ट्रे ठेवला. बर्फ ट्रेच्या बाहेर, पाण्यात एक तुकडा नाही. पाणी हळूहळू गार व्हायला हवं, एकदम झालं तर साय आक्रसते, हे तो मला चार वेळा बोलला. त्याला स्वतःलाच ऐकवायचं होतं. तुरटीच्या पाण्यात फिल्म सोडली आणि आम्ही दोघं तिच्यावर वाकून बसलो, बाळंतिणीच्या दारात बसावं तसे.

बराच वेळ काही नाही. मग डागाच्या कडेनं पाण्यात तांबूस धूर निघाला. लीलाधर ट्रे हलवायचा, इतका अलगद की पाण्याला कळू नये. गेरूचा पहिला पापुद्रा सुटला. त्याखाली ओढणीची किनार आली.

"छगन, पोरीला बोलाव."

मी निरोप पाठवला. राजकुंवर आली, हळद लावलेली, हातभर मेंदी, चुडे न वाजावेत म्हणून हात पोटाशी धरून. ती बसली. कपाळ दिसलं. म्हणजे उलटं, काळं, पण कपाळ. पोरीनं ओठ दाबून धरले.

आणि दारातून हस्तीमलशेठ आले.

म्हातारा माणूस आता, काठी हातात. वरातीचा बँड वेशीवर वाजायला लागला होता. नवरीला शोधत आले असतील. पगडी, काळा कोट, कपाळावर टिळा. त्यांनी परात बघितली, फिल्म बघितली, नातीकडे बघितलं. मला वाटलं आता ट्रे लाथेनं उडवतात.

"ती आहे?" त्यांनी विचारलं.

"हो, दादाजी."

शेठ पुढे आले. काठी भिंतीला टेकवली आणि मांडी घालून खाली बसले. त्या वयात, त्या कोटात. मग म्हणाले, "मी रोज बघतो ते कापड. अठरा वर्षं. जेवायला बसतो तिथे समोरच आहे. किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही, शेठजी. अर्धं निघालंय."

"वरात दारात येईल. पोरीला जावं लागेल."

"मी काय करू, डिंक सुटत नाही."

बँड जवळ येत होता. बाहेरून कोणीतरी राजकुंवर, राजकुंवर म्हणून हाका मारत होतं. शेठ दाराकडे बघत होते. आणि तेव्हा त्यांनी जे केलं ते एखाद्या व्यापाऱ्यानंच करावं, ज्यानं आयुष्यभर जास्तीचं टाकून काम लवकर करून घेतलं. त्यांना वाटलं, डाग बर्फानंच सुटतोय, मग तो बाहेर ठेवून काय उपयोग, पाण्याला लागतच नाही तो. परातीतला ओंजळभर बर्फ उचलला आणि ट्रेमध्ये टाकला.

लीलाधर ओरडला ते मी अजून विसरलो नाही. "नही, शेठजी, नही!"

त्यानं बर्फ हातानं उपसून फेकला, पण झालं ते झालं. गेरू सगळा निघाला, अगदी स्वच्छ. आणि त्याचबरोबर साय चुरगळायला लागली. दुधावरची साय चमच्यानं ढकलावी तशी कडेकडून मधे सरकत होती. लीलाधरनं फिल्म पाण्यातून उचलली. त्याचे हात बर्फानं लाल झाले होते.

"छापायला वेळ नाही. पोरी, इकडे. बघून घे, आत्ताच बघून घे. काळं द्या मला, कोणीतरी काळं काही द्या!"

काळा कपडा चौकात कॅमेऱ्यावर होता. लग्नाच्या घरात सगळं लाल, पिवळं, केशरी. मी इकडे तिकडे बघतोय, पोत्यांशिवाय काही नाही. लीलाधरनं मान वर केली आणि त्याला शेठचा कोट दिसला.

"शेठजी, उठा. झडपेपाशी या. असे उभे राहा. हलू नका."

त्यानं शेठना दंडाला धरून उभं केलं, उजेड बाजूनं यावा असं फिरवलं आणि ती ओली फिल्म त्यांच्या छातीपुढे धरली. जरा तिरपी केली. फिल्म पातळ होती. सावलीतला चेहरा, उजेड कमी खाल्लेला. त्या काळ्या कोटावर सायरबाई सुलट झाली.

मीही बघितली. खोटं कशाला बोलू. सरळ नाक, बारीक ओठ, गालावर ओढणीच्या जाळीची सावली.

राजकुंवर अगदी जवळ वाकली. "काका," ती म्हणाली, "सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. ही नाही बघत. ही खाली बघतेय." मग तिचा आवाज फुटला. "माझ्याकडे बघतेय, काका. घुंघटात कोणाला दिसणार नव्हतं ना, म्हणून माझ्याकडेच बघत बसली."

"मला दाखवा रे," शेठ म्हणाले.

"हलू नका, शेठजी."

"अरे, मला एकदा."

"तुम्ही हललात तर पोरीला दिसायचं नाही."

आणि म्हातारा हलला नाही. ताठ उभा राहिला, दोन्ही हात बाजूला, डोळे समोरच्या भिंतीवर, फोटोला बसल्यासारखा. सून त्याच्या छातीवर, आणि त्या खोलीत तो एकटाच होता ज्याला ती दिसत नव्हती. त्याच्या गालावरून पाणी कोटावर पडत होतं. मग साय कपाळापासून सुटली, दुमडली आणि खाली घसरली. लीलाधरनं दुसऱ्या हाताची ओंजळ केली. ओंजळीत एक चिकट सुरकुतलेला पापुद्रा राहिला. फिल्म रिकामी, काचेसारखी.

शेठ तेव्हा वाकून बघायला लागले. "कुठे आहे? कुठे?"

बाहेर वरात आली होती. राजकुंवरनं डोळे पुसले, दादाजींच्या पाया पडली, लीलाधरच्याही पडली. ओढणी हनुवटीखाली ओढून घेतली आणि उजेडात गेली. लीलाधरनं त्या दिवशी लग्नाचे सगळे फोटो काढले. ते चांगले आले. सगळे पापड.

नंतर त्यानं सायरबाईचा चेहरा पेन्सिलीनं काढून बघितला. मला विचारायचा, "नाक असंच होतं ना?" मी हो म्हणायचो, मग तोच कागद फाडायचा. धुळ्याला त्याच्या गुरूचा मुलगा होता, त्याच्याकडे तो वाळलेला पापुद्रा डबीत घालून नेला. तो म्हणाला, ह्यात आता काही नाही.

दिवाळीनंतर हस्तीमलशेठ दुकानात येऊ लागले. काठी टेकत, काळ्या कोटात, दुपारच्या वेळी. खिशात रुमालात गुंडाळलेली ती रिकामी फिल्म. ती त्यांनी लीलाधरकडून मागून नेली होती. खुर्चीत बसायचे, फिल्म आपल्याच कोटावर छातीशी धरायचे आणि मान वाकवून तिच्यात बघायचे.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा न राहवून विचारलं, "शेठजी, काही दिसतं का?"

"उजेड बरोबर नाही," ते म्हणाले.

लीलाधर उठला. आकडीची काठी घेतली, पडदा बोटभर सरकवला, मागे येऊन बघितलं, पुन्हा बोटभर. पुष्कळ वेळ घेतला त्यानं. शेवटी उजेड बाजूनं, तिरपा, मऊ असा त्या रिकाम्या फिल्मवर आला.

"आता बघा, शेठजी."

शेठ आले की दर वेळी तो हे करायचा. गावात कोणाही गिऱ्हाइकासाठी त्यानं उजेड तसा पुन्हा बसवला नाही.